वाचलेल्या पुस्तकांची नोंद: वही, पेटी आणि ॲप

पुस्तक निम्मं वाचून झाल्यावर 'हे तर आपण आधी वाचलंय' असं ध्यानात येण्याची वेळ ज्याच्यावर कधी आली नाही, असा पट्टीचा वाचक विरळा. याच्या उलटही होतं. चारचौघांत एखाद्या कादंबरीबद्दल तावातावाने बोलून झाल्यावर शंका येते, की आपण ती कादंबरी वाचली होती की तिच्यावरचं परीक्षण? वाचन वाढतं तशी ही सरमिसळ वाढते आणि कधी ना कधी प्रत्येक जण ठरवतो, आजपासून नोंद ठेवायची. बहुतेकांची ही वही जानेवारीत सुरू होते आणि होळीच्या आत थांबते.

ती थांबण्यामागे आळस असतोच, पण सगळा दोष त्याचा नाही. आपण एकाच वहीवर तीन निराळी कामं लादतो. पहिलं काम यादीचं: काय वाचलं आणि कधी. दुसरं टिपणाचं: वाचलेल्यातलं काय आपल्यापाशी राहिलं. तिसरं संग्रहाचं: पुस्तक आता आहे कुठे, घरात, ग्रंथालयात की मित्राच्या कपाटात. या तिन्ही कामांसाठी गेल्या काही शतकांत वेगवेगळ्या पद्धती निघाल्या आणि टिकल्या. प्रत्येक पद्धत एखादं काम चोख करते, दुसरं कसंबसं करते आणि तिसऱ्याला हात लावत नाही. म्हणून 'सगळ्यांत चांगली पद्धत कोणती' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कोणती पद्धत कशाला उपयोगी' हे पाहणं शहाणपणाचं.

नुसती यादी

सर्वांत साधी आणि सर्वांत टिकाऊ पद्धत म्हणजे तारखेनिशी यादी. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात वह्यांमध्ये दोन याद्या ठेवल्या: वाचायची पुस्तकं आणि वाचून झालेली पुस्तकं. क्वचित एखादा शेरा, एरवी फक्त नाव आणि तारीख. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झालं १८५९ मध्ये, म्हणजे त्या ग्रंथामागचं बरंचसं वाचन या वह्यांत आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी संशोधकांनी त्या याद्यांतल्या ग्रंथांचा मजकूर संगणकाने पडताळला, तेव्हा डार्विनच्या वाचनाची चाल दिसली. सुरुवातीला तो एका विषयाच्या आसपासच खोल खणत राहतो आणि पुढे हळूहळू दूरदूरच्या विषयांकडे वळतो. नुसत्या नावांमधून एवढं कळू शकलं, कारण क्रम होता आणि तारखा होत्या.

ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८२५ पासून सुमारे सत्तर वर्षं रोजनिशी लिहिली आणि त्या त्या दिवशी काय वाचलं ते तीत टिपलं. आपल्या काळातलं उदाहरण 'सायमन अँड गार्फंकल' या गायकजोडीतल्या आर्ट गार्फंकलचं. जून १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी त्याने ठेवली: महिना, लेखक, पुस्तक, प्रकाशनाचं वर्ष, पानं. मत नाही, सारांश नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुस्तक पुरवणीच्या संपादक राहिलेल्या पामेला पॉल यांची वहीही अशीच. शाळेत असताना, १९८८ मध्ये सुरू केलेल्या त्या वहीत पुस्तक आणि लेखक एवढंच लिहिलं जातं. तेवढ्या नोंदींवरून कोणत्या पुस्तकाच्या वेळी आपण कुठे होतो, कोणाबरोबर होतो हे त्यांना आठवत गेलं आणि त्यातून २०१७ मध्ये त्यांचं आत्मकथनपर पुस्तक निघालं.

या सगळ्या याद्या वर्षानुवर्षं टिकल्या, कारण एका नोंदीला अर्धा मिनिटही लागत नाही. यादीला तीन पथ्यं मात्र पाळावी लागतात. तारीख हवीच, तारखेशिवाय यादी हे केवळ सूचिपत्र होतं. अर्धवट सोडलेलं पुस्तकही नोंदवावं, कितव्या पानावर सोडलं यासकट. आपली आवड कळायला सोडलेली पुस्तकं फार कामाची असतात. आणि पुनर्वाचन ही नवी नोंद धरावी. विशीत वाचलेली 'कोसला' आणि पन्नाशीत वाचलेली 'कोसला' ही दोन वाचनं आहेत.

टिपणं

यादी सांगते काय वाचलं. काय उरलं ते टिपण सांगतं. वेचे उतरवून घेण्याच्या वह्या युरोपात फार पूर्वीपासून होत्या. त्यांतली खरी अडचण शोधण्याची. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६८६ मध्ये फ्रेंच नियतकालिकातून यावर एक उपाय मांडला. वहीच्या सुरुवातीची दोन पानं सूचीसाठी राखायची. प्रत्येक टिपणाला एक विषय द्यायचा आणि त्या विषयाचं पहिलं अक्षर व त्यानंतर येणारा पहिला स्वर यांच्या चौकटीत पानाचा क्रमांक लिहायचा. वही कुठूनही लिहीत गेलं तरी सूची आपोआप तयार होते. आपल्या बाराखडीत अक्षर आणि स्वर आधीच एकत्र असल्यामुळे ही पद्धत मराठीत आणखी सोपी पडते. 'दुष्काळ' हा विषय 'दु'च्या चौकटीत, 'दारिद्र्य' 'दा'च्या चौकटीत. दोनशे पानी वहीला एवढी सूची पुरते.

वहीऐवजी पेटी वापरणारेही आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांनी चिठ्ठ्यांची पेटी ठेवली होती. त्यांच्या मागे सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या राहिल्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक आणि तिच्यावर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक, असं ते जाळं. ऑब्सिडियनसारखी आजची टिपण-सॉफ्टवेअर्स याच कल्पनेवर चालतात. पण लुहमान यांना ग्रंथ लिहायचे होते आणि ते त्यांनी ढिगाने लिहिले. केवळ आवडीने वाचणाऱ्याने हा पसारा मांडला, तर वाचनाचा वेळ चिठ्ठ्या जोडण्यातच जातो.

तिसरा मार्ग पुस्तकाच्या समासाचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात बाबासाहेब आंबेडकरांच्या संग्रहातली पुस्तकं आहेत आणि त्यांत कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे शिक्षक जॉन ड्युई यांचेही ग्रंथ आहेत. त्यांतल्या अधोरेखनांवरून आणि खुणांवरून बाबासाहेबांनी ड्युईंकडून काय घेतलं, काय बदललं, याचा माग अभ्यासकांनी काढला. समासातली खूण अशी त्या ओळीशीच बांधलेली असते. तिला दुसरा संदर्भ लागत नाही. अर्थात, हे स्वतःच्या प्रतीपुरतंच. ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघा मारणाऱ्याला कोणत्याही पद्धतीचा आधार देता येणार नाही.

मराठीत या विषयाचं आठवावं असं नाव म्हणजे कवी सतीश काळसेकर. त्यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचनाची नोंद हाच एक वाङ्मयप्रकार होऊ शकतो, याचा तो दाखला. गोविंद तळवलकरांच्या 'वाचता वाचता' या पुस्तकांविषयीच्या लेखसंग्रहाचाही उल्लेख इथे करायला हवा.

सामान्य वाचकाने एवढं मोठं काही डोक्यात न घेता एका पुस्तकाला तीन-चार वाक्यं दिली तरी भागतं. नमुन्यादाखल एक नोंद:

'रणांगण, विश्राम बेडेकर, १९३९. दुसऱ्यांदा. ग्रंथालयाची प्रत. मागच्या वेळी प्रेमकथा म्हणून वाचली होती. या वेळी बोटीवरचे निर्वासित जास्त लक्षात राहिले. एवढ्या छोट्या कादंबरीत एवढी माणसं मावली कशी, ते पुन्हा पाहायचं. नंतर वाचायचं: त्या काळातल्या निर्वासितांविषयी काही.'

इथे कथानकाचा सारांश नाही. तो कुठेही मिळतो. आपलं मत कसं बदललं, कोणता प्रश्न उरला आणि पुढे काय वाचावंसं वाटलं, या गोष्टी मात्र दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. टिपण लिहायचं ते यासाठी.

कपाट आणि उसनवारी

संग्रहाचा हिशेब ही ग्रंथालयांची विद्या. दाखल नोंदवहीत आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानिशी चढतं, पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक येतो आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. घरातली पुस्तकं काही शेकड्यांच्या पुढे गेली की यातलं थोडं उचलावंच लागतं. दशांश वर्गीकरणाची गरज नसते. पुस्तकाला अनुक्रमांक, तो आतल्या पानावर पेन्सिलीने, आणि कोणत्या कपाटात कोणता विषय याचा एक कागद, इतकं पुरे.

घरगुती संग्रहाला खरी गळती लागते ती उसनवारीची. देणाऱ्याला संकोच, घेणाऱ्याला विसर. यावर उपाय एकच: पुस्तक हातातून सुटण्याआधी, घेणाऱ्याच्या देखतच, नाव आणि तारीख लिहायची. लिहिताना समोरच्याने पाहिलं की पुस्तक परत येण्याचा संभव वाढतो. मोबाइलवर त्या माणसाचा पुस्तकासह फोटो काढून ठेवणं ही याचीच आजची आवृत्ती आणि ती तितकीच गुणकारी आहे.

ग्रंथालयाचं खातं आपल्या वाचनाची नोंद ठेवेल, या भरवशावर कोणी राहू नये. ग्रंथालयाला पुस्तक परत आलं की नाही एवढ्याशीच काम असतं. ते तुम्ही वाचलं की तसंच परत केलं, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय वाचकाने काय नेलं याचा इतिहास फार काळ जपू नये, असंच ग्रंथालय-व्यवसायातल्या अनेकांचं मत आहे. माणूस काय वाचतो ही त्याची खाजगी बाब, हे त्यामागचं तत्त्व.

ॲपचा जमाना

हे तत्त्व खुंटीला टांगूनच इंटरनेटवरच्या वाचननोंदी सुरू झाल्या. ऑगस्ट २००५ मध्ये टिम स्पाल्डिंग यांनी 'लायब्ररीथिंग' सुरू केलं. त्याचा पिंड ग्रंथपालाचा: संग्रह मांडायचा, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणांहून नोंदी ओढून घ्यायच्या. आधी दोनशे पुस्तकांपुढे पैसे पडत. २०२० पासून ते फुकट आहे. २००७ मध्ये 'गुडरीड्स' आलं. त्याचा पिंड चावडीचा: वाचलं, वाचतोय आणि वाचायचंय अशा तीन फळ्या, पाच तारे, मित्रांची मतं. २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. २०१९ मध्ये नादिया ओडुनायो यांनी उभं केलेलं 'स्टोरीग्राफ' पाव आणि अर्धा तारा देऊ देतं, अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला वेगळी जागा देतं आणि वाचनाचे आलेख काढतं. इंटरनेट अर्काइव्हची 'ओपन लायब्ररी' ना नफा तत्त्वावर चालते आणि प्रत्येक पुस्तकाला एक पान हे तिचं उद्दिष्ट आहे. स्वतःच्या संगणकावरची ई-पुस्तकं लावून ठेवायला कोविद गोयल यांनी २००६ पासून घडवलेलं 'कॅलिबर' आहे. त्याला आजही तोड नाही.

ॲपची सोय मोठी आहे. फोन खिशात असतो, शोध क्षणात लागतो, मुखपृष्ठ दिसतं. पण नोंद आपली आणि जागा दुसऱ्याची, हा त्यातला धोका. 'शेल्फारी' नावाची अशीच एक लोकप्रिय सेवा ॲमेझॉनने २००८ मध्ये घेतली आणि २०१६ मध्ये बंद करून गुडरीड्समध्ये मिसळली. गुडरीड्सने २०२० च्या डिसेंबरपासून बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपली माहिती पुरवण्याची नवी दारं बंद केली. आपली यादी फाइलच्या रूपात उतरवून घेण्याची सोय तिथे आहे. ती वर्षातून एकदा तरी वापरावी. जिथे अशी सोय नाही, त्या ॲपमध्ये यादी ठेवूच नये.

ई-वाचकाला आणखी एक नोंद फुकटात मिळते. किंडलवर अधोरेखित केलेल्या ओळी यंत्रातल्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठत जातात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आली, त्यामुळे मराठी वाचकालाही हे लागू आहे. ऐकलेल्या पुस्तकांचं मात्र तसं नाही. स्टोरीटेल या ध्वनिपुस्तकांच्या ॲपमुळे मराठी श्रोतृवर्ग मोठा झाला, पण प्रवासात ऐकताना आवडलेलं वाक्य टिपणार कुठे? निदान यादीत 'ऐकलं' असं लिहून अभिवाचकाचं नाव घालावं. त्याचा वाटा लेखकाच्या खालोखाल असतो.

मराठी वाचकाची अडचण

ही सगळी ॲप इंग्रजी पुस्तक गृहीत धरतात. मराठी पुस्तक घेऊन गेलं की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण क्रमांकाची. ॲप बारकोड वाचून आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक ओळखतं. आयएसबीएनची पद्धत १९७० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय झाली. २००७ पासून त्याचे आकडे दहाचे तेरा झाले. १९५९ च्या 'ययाति'ची किंवा १९६३ च्या 'कोसला'ची जुनी प्रत हातात असेल, तर तिच्यावर क्रमांकच नाही. जुन्या बाजारातून आणि ग्रंथालयांतून वाचणाऱ्याचं निम्मं वाचन इथेच बाहेर पडतं.

दुसरी लेखनाची. 'ययाति' आणि 'ययाती', 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे' आणि रोमन लिपीतले आणखी दोन-तीन अवतार. माणसाला हे एकच; संगणकाला वेगवेगळे. परदेशी ग्रंथालयांतून आलेल्या नोंदींत मराठी नाव रोमन लिपीत, वरखाली चिन्हं लावून येतं आणि आपण देवनागरीत शोधत बसतो. याहून छुपी गोष्ट 'वाचणाऱ्याची' या शब्दातल्या अर्ध्या र-ची. काही कळफलकांवर तो नुक्तावाल्या ऱ-ने उमटतो, काहींवर साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे. पण आपल्याच तक्त्यात एका पद्धतीने लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर ते सापडेलच असं नाही.

तिसरी अडचण आवृत्त्यांची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून त्यांचं लेखन कॉपीराइटमुक्त झालं आणि 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली. ॲपमध्ये या आवृत्त्या सुट्या सुट्या पडून असतात, ताऱ्यांचीही वाटणी होते.

आणि चौथी अडचण म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही परंपरा मराठी वाचनाचा केवढा तरी भाग व्यापते. दरवर्षी कथा, दीर्घकथा, लेख आपण अंकांत वाचतो आणि त्यातलं काही पुढे पुस्तकरूपाने येतं. कोणत्याही ॲपमध्ये याला फळी नाही. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांचं आपलं वाचन ॲपच्या लेखी शून्य.

म्हणून मराठी वाचकासाठी साधा तक्ता, एक्सेलचा किंवा गूगल शीटचा, ॲपपेक्षा उजवा ठरतो. रकाने असे: वाचून संपल्याची तारीख, नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, प्रकार (पुस्तक, अंक, ध्वनी), प्रत कुठली, कोणी सुचवलं, एक वाक्य. 'कोणी सुचवलं' हा रकाना सहसा कोणी ठेवत नाही. काही वर्षांनी पाहिलं तर कोणाच्या शिफारशीवर विसंबावं, ते त्यात स्पष्ट दिसतं. नाव नेहमी शीर्षकपानावर आहे तसंच, देवनागरीत आणि एकाच कळफलकावरून लिहावं.

आकड्यांचा मोह

नोंदीची सवय लागली की तिची एक विकृतीही लागते. वर्षाला इतकी पुस्तकं असा संकल्प, मग त्याचा जाहीर आलेख, मग डिसेंबरात आकडा गाठायला लहान पुस्तकांची शोधाशोध. 'हिंदू'सारखी जाडजूड कादंबरी आणि चाळीस पानांची पुस्तिका या हिशेबात सारख्याच. आकड्यापायी माणूस जाड पुस्तक टाळू लागला, तर नोंद वाचनाच्या मुळावर आली असं समजावं. संकल्प करायचाच तर प्रकाराचा करावा: एक नाटक, एक अनुवाद, एक आत्मचरित्र, एक आपल्या जन्माआधीचं पुस्तक.

मग करावं काय?

यादी आणि टिपण यांची फारकत करावी, हा या आढाव्याचा निष्कर्ष. यादी तक्त्यात किंवा साध्या वहीत, पुस्तक संपल्या दिवशी, न चुकता. टिपण ज्या पुस्तकाने ते मागितलं त्याचंच, वेगळ्या वहीत. वर्षातून आठ-दहा झाली तरी खूप. संग्रहाचा हिशेब दिवाळीच्या साफसफाईला एकदा. ॲप आवडत असेल तर खुशाल वापरावं, पण नकलेसारखं. मूळ यादी आपल्या हाती असावी. जुनी वाचनं आठवून आठवून यादी मागे न्यायच्या फंदात पडू नये, त्यातच उत्साह संपतो. आजच्या पुस्तकापासून सुरुवात करावी.

एक विनंती मात्र मराठी वाचकाला खास आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० ची १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. हाती संगणक नव्हता, गावोगावच्या ग्रंथालयांतून नोंदी गोळा कराव्या लागल्या. आज तेच काम वाटून घेता येतं. तुमच्या यादीतलं जे पुस्तक ओपन लायब्ररीत सापडणार नाही, त्याची नोंद तिथे स्वतः करा: नाव देवनागरीत, लेखक, प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि शीर्षकपानाचा आधार. पुढच्या मराठी वाचकाला ते पुस्तक शोधल्यावर मिळेल.